भाऊ सिकलसेलचा, पीएचडी फिजिक्सची आणि घरात बीएडचा फॉर्म

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली २४ वर्षांची मुलगी. नागपूरहून फिजिक्समध्ये एमएससी, यंदा नेट जेआरएफ (पीएचडीसाठी दरमहा पैसे देणारी सरकारी फेलोशिप) निघाली. बंगळुरूच्या एका संस्थेत सॉफ्ट मॅटर (जेल, साबण, रबर अशा मऊ पदार्थांचं फिजिक्स) आणि बायोफिजिक्सच्या (सजीवांच्या फिजिक्सच्या) पीएचडीसाठी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन, आई अंगणवाडीत मदतनीस. धाकटा भाऊ १७ वर्षांचा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एसएस रुग्ण (म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती सदोष), दुखणं उठलं की त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेणं हे गेली सहा वर्षं हिच्याकडेच आहे. कॉलेजातले एक सर म्हणाले, "हे काय खरं फिजिक्स नाही, दह्या-साबणाचा अभ्यास आहे, नोकरी मिळणार नाही." बाबा म्हणतात, "बीएड करून घे, मास्तरीण झाली का घराजवळ राहशील." बीएडच्या फॉर्मची तारीख याच महिन्यात आहे. मामाकडून स्थळंही यायला लागलीत. ती लिहिते, "मॅडम, मला हे भावासाठीच करायचं आहे, पण त्यासाठी भावालाच सोडून जावं लागणार. काय करू?"

बेटा,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. त्या ओळीकडे येतेच, पण आधी तुझ्या सरांचं बोलणं बाजूला करू कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

खरं फिजिक्स नाही म्हणतात ना, तर १९९१ चं फिजिक्सचं नोबेल पियर-जिल द जेन या फ्रेंच माणसाला मिळालं, लिक्विड क्रिस्टल (द्रवासारखे वाहणारे पण आतले रेणू रांगेत असलेले पदार्थ) आणि पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) यांवरच्या कामासाठी, आणि त्यांनी नोबेलच्या भाषणाला नावच 'सॉफ्ट मॅटर' असं दिलं. त्यात त्यांनी एक उदाहरण सांगितलं होतं, अमेझॉनच्या जंगलातली माणसं रबराच्या झाडाचा चीक पायाला लावायची, तो वाळला की पायाच्या मापाचा बूट तयार. होतं काय तर हवेतला ऑक्सिजन त्या चिकातल्या लांब साखळ्यांना मधेमधे एकमेकींशी बांधतो, आणि बांधतो म्हणजे किती, तर दोनशे कार्बन अणूंमागे जेमतेम एक. एवढ्याशा फरकाने वाहणारा चीक ताणता येणारं रबर होतो. सॉफ्ट मॅटरचा सगळा जीव यातच आहे, रेणूंना धरून ठेवणाऱ्या ताकदी इतक्या नाजूक असतात की साध्या खोलीच्या उष्णतेने होणारी थरथरसुद्धा त्यांच्याशी बरोबरी करते, म्हणून जरासं ढकललं की खूप बदलतं. आणि फक्त परदेशातलंच सांगते असं नको, १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले, तोवर जगाला काडीसारख्या रेणूंचेच माहीत होते. २०१८ मध्ये आर्थर अ‍ॅश्किन यांना नोबेल मिळालं ते लेझरच्या चिमट्यासाठी, ज्याने आज लोक एकेक पेशी आणि एकेक प्रोटीन पकडून ओढून बघतात. हे सगळं फिजिक्सच आहे.

आणि तुझ्या बाबांच्या वावरातली काळी माती? पावसाळ्यात फुगते, पायाला चिकटते, गाडीबैल रुततो, आणि मे महिन्यात तिलाच अशा भेगा पडतात की पाय आत जावा. त्या मातीचे कण म्हणजे कागदाच्या गठ्ठ्यासारखे पातळ थर, पाणी थरांच्या मधे शिरतं आणि फुगवतं, निघून गेलं की आकसतात आणि तडकतात. चिकणमाती पाण्यात कशी घट्ट होत जाते, वाळताना कशी फाटते यावर भौतिकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं काम करतात. तू लहानपणापासून ज्या मातीवर चालतेस ती या विषयाच्या मधोमध आहे.

सरांच्या बोलण्यात नोकरीचा जो भाग आहे तो मात्र मी उडवून लावणार नाही, त्यावर पुढे सरळ बोलू.

आता भाऊ. तू लिहिलंयस की नववीत असताना गावात शिबिर लागलं होतं आणि लॅबवाल्या दादाने तुला मायक्रोस्कोपमधून भावाच्या रक्ताची स्लाइड दाखवली, आधी सगळ्या पेशी गोल होत्या, मग त्याने औषधाचा थेंब टाकून वरची काच बंद केली आणि अर्ध्या तासाने पाहिलं तर काही पेशी विळ्यासारख्या, काही ओटच्या दाण्यासारख्या झालेल्या. "मला तेव्हा भीती वाटली नाही मॅडम, मला वाटलं हे होतं कसं" असं तू लिहिलंस. हे वाक्य पत्राच्या मधे कुठेतरी घुसवून दिलंयस जसं काही महत्त्वाचं नाही, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

तर होतं कसं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रोटीनच्या, रेणूचाच आजार आहे, आणि १९५७ पर्यंत व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका फरक शोधला, हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी (प्रोटीनच्या माळेतले मणी) फक्त सहाव्या जागी ग्लुटॅमिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन. एवढंच. पण त्या एका जागेमुळे हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की रेणू एकमेकांना चिकटतात, लांब दोरे होतात, आणि जी पेशी स्वतःपेक्षा अरुंद नळीतून मऊ फुग्यासारखी दुमडून निघून जायची ती कडक होऊन अडकते.

याच्या पुढचा भाग तू घरी आईला समजावून सांगावास अशी माझी फार इच्छा आहे. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन या तिघांनी मोजलं की ऑक्सिजन गेल्या गेल्या दोरे बनत नाहीत, आधी बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं घट्ट होतं. आईला हे माहीत आहे! दुधाला विरजण लावलं की कितीतरी वेळ दूध दूधच दिसतं, बोट घालून पाहिलं तरी पातळ, आणि मग केव्हातरी अर्ध्या तासात लागून जातं. फरक एवढाच की दह्याचं परत दूध होत नाही, पण भावाच्या पेशीला पुन्हा ऑक्सिजन मिळाला की आतले दोरे विरघळतात, मात्र असं वारंवार झालं की पेशीचं आवरण खराब होतं आणि ती वाकडीच राहते. आणि मधला जो थांबायचा वेळ आहे ना, तोच भावाला जगवतो, कारण तेवढ्या वेळात बऱ्याचशा पेशी बारीक नळीतून निसटून फुफ्फुसाकडे परत निघालेल्या असतात. जो औषधोपचार हा वेळ लांबवेल तो कामाचा. आता गंमत बघ, हा वेळ पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर साधारण तिसाव्या घाताने अवलंबून असतो. तू फिजिक्सवाली आहेस, ०.९ चा तिसावा घात काढ. दाटपणा दहा टक्के कमी झाला तर वेळ वीस पटीहून जास्त वाढतो. डॉक्टर त्याला दरवेळी "पाणी पी रे" म्हणतात आणि आपल्याला वाटतं हे काय सगळ्यांनाच सांगतात, पण त्यामागे हा तिसावा घात आहे. आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात वावरात एक दुपार पाण्याशिवाय काढणं भावासाठी काय आहे ते आता तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

हे मी इतकं लांबवून सांगितलं कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे. मी पुण्याला पॉलिमरवर पीएचडी केली, साडेपाच वर्षं, आणि घरी कधी कोणाला बसून सांगितलंच नाही की मी करते काय, मला वाटायचं त्यांना काय समजणार. बाबांना शेवटपर्यंत वाटायचं मी कुठल्या तरी प्लास्टिकच्या कारखान्यात आहे. गावात कोणी विचारलं तर तेच सांगायचे, आणि सांगताना जरा खाली बघायचे, हे मला आईने नंतर सांगितलं. ते मला अजून टोचतं. तुझ्या आईला सांग, विरजणाचं सांग, तिला समजेल आणि ती बाबांना तुझ्यापेक्षा नीट सांगेल.

आता ती ओळ. भावासाठीच करायचं आहे.

मला इथे तुला थांबवायचं आहे. पॉलिंगचं काम १९४९ चं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेत मंजूर झालं १९९८ ला. जीन बदलून करायच्या पहिल्या उपचाराला मंजुरी मिळाली २०२३ च्या शेवटी. शेकडो लोक, पंचाहत्तर वर्षं. तू आज गेलीस तर पाच-सहा वर्षांत एका लहान प्रश्नाचा एक तुकडा नीट सोडवशील, आणि तो तुकडा मोलाचा असेल, पण त्यातून तुझ्या भावाचं पुढच्या महिन्यातलं दुखणं थांबणार नाही. आणि तू जर ही पीएचडी त्याच्या नावावर केलीस तर काय होईल ते सांगते, मी पाहिलंय मुलींना असं होताना. प्रयोग फसतात. पहिली दीड-दोन वर्षं तर बहुतेक फसतातच, पंप गळतो, बारीक नळीत हवेचा बुडबुडा अडकतो, सॅम्पल रात्रीतून खराब होतं, सिम्युलेशन तीन दिवस चालून कोसळतं. इतरांसाठी तो वाईट दिवस असतो. तुझ्यासाठी तो भावाला फसवल्याचा दिवस होईल, आणि त्याच रात्री घरून फोन आला की त्याला भरती केलंय, तर तू दुसऱ्या दिवशी बॅग भरशील.

म्हणून माझं म्हणणं, दोन वह्या कर. एक भावाची, एक तुझी. एका वहीतला हिशोब दुसरीत मांडायचा नाही. फिजिक्स तू कर कारण नववीत तुला "हे होतं कसं" असं वाटलं होतं. ते कारण पुरेसं आहे, ते कारण एकटं उभं राहू शकतं, त्याला भावाच्या आजाराचा टेकू लागत नाही. आणि भावासाठी जे करायचं ते आजच करता येण्यासारखं आहे, त्याला पीएचडी लागत नाही.

आधी भावाची वही उघडू. तुझ्या पत्रात भाऊ अकरा ठिकाणी येतो, मी मोजलं, पण त्याने स्वतः काय म्हटलं असं एकही वाक्य नाही. तो सतरा वर्षांचा आहे! त्याला विचारलंस का की ताई गेली तर तुला कसं वाटेल, तू काय काय सांभाळशील? मला वाटतं सहा वर्षं तू त्याला नेलंस, डॉक्टरांशी तू बोललीस, गोळ्या तू दिल्यास, फाइल तुझ्या पिशवीत, आणि यात तुझं प्रेम आहे हे दिसतंच, पण त्यामुळे त्याचा आजार त्याच्याकडे कधी आलाच नाही. पुढे तो कामाला जाईल, लग्न करेल, तेव्हा त्याची फाइल त्याच्याच हातात असायला हवी ना. तू बंगळुरूला गेलीस किंवा नाही गेलीस तरी हे त्याला शिकवायचंच आहे.

काय शिकवायचं? दुखणं उठण्याआधी शरीर काय सांगतं ते. पाण्याची बाटली. थंडीत आणि पावसात भिजणं टाळणं. ताप आला, छातीत दुखून दम लागला, हात-पाय एकदम लुळा पडला, एकदम पांढरा फटक पडला किंवा पोट डाव्या बाजूने फुगलं तर "सकाळी पाहू" नाही, त्याच घडीला दवाखाना, हे त्यालाही, आईबाबांनाही आणि शेजारच्या ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाही पाठ हवं. पत्रात तू फक्त फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचं लिहिलंयस. हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचार, की याला ते सुरू करण्यासारखं आहे का, नसेल तर का नाही. ते औषध लहान बाळाच्या रक्तात असतं तसलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि ते त्या दोऱ्यांमध्ये नीट बसत नाही, म्हणून विरजण लागायला उशीर होतो. पण ते आपल्या मनाने घ्यायचं नसतं, वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन चालू आहे, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडेही पाठपुरावा कर. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का ते तू लिहिलेलं नाहीस, काढलं नसेल तर त्यासाठी एक दिवस घाल, शिक्षणात आणि पुढेही उपयोगी पडतं.

अजून एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही आणि ती नाही हे मला खटकलं. तुझी स्वतःची टेस्ट. भाऊ एसएस आहे म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही त्याला तो जीन आलाय. दोघेही एएस (एक प्रत सदोष, एक चांगली) असतील तर दर मुलाला चारात एक शक्यता एसएसची, दोन एएसच्या, एक एएची, म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या. तुला आजार नाही, म्हणजे तो एक खाना गेला आणि उरलेल्या तीनपैकी दोन खाने एएसचे. एएस माणूस सहसा ठणठणीत असतो, तुला भीती घालायची नाहीये. पण मामा स्थळं आणतोय आणि आपल्याकडे हे कसं चालतं ते तुला माहीत आहे, "त्यांच्या घरी सिकलसेल हाये म्हणते" एवढं कानोकानी गेलं की मुलीची टेस्ट कोणी विचारतच नाही, परस्पर ठरवून टाकतात. त्यापेक्षा तुझा रिपोर्ट तुझ्या हातात असू दे. उद्या ज्याच्याशी लग्न करशील त्यालाही टेस्ट करायला सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि तो टेस्टला नाही म्हणाला तर तुला त्याच्याबद्दल जे कळायचं ते कळलंच.

आता तुझी वही.

पहिला प्रश्न, बंगळुरूच का? तू असं लिहिलंयस जणू दोनच रस्ते आहेत, बंगळुरू नाहीतर बीएड. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, पॉलिमर आणि घट्ट-पातळ द्रवांचं तिथलं काम जुनं आणि मोठं आहे, आयसर पुणे आहे, मुंबईत आयआयटी आहे. आणि हैदराबाद! टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र आहे, विद्यापीठ आहे, आणि बल्लारशावरून सकाळी गाडीत बसलीस तर दुपारपर्यंत सिकंदराबादला पोचतेस, हे पुण्यापेक्षा जवळ आहे, आपल्याकडच्या पोरांच्या हे लक्षातच येत नाही कारण आपल्या डोक्यात शिक्षण म्हणजे पुणे. बंगळुरूचा इंटरव्ह्यू तू दे, जरूर दे, थेट गाडी आहे, पण बाकीच्या जागांचे फॉर्मही बघून ठेव. घरी अडचण आली तर सहा तासांत पोचता येणं आणि एक दिवस लागणं यात फरक आहे, आणि तो फरक तुझ्या बाबांना "बीएड" या शब्दात सांगायचा होता असं मला वाटतं. बीएडवर त्यांचं एवढं प्रेम नसावं, लेक हाकेच्या अंतरावर हवी एवढंच.

बीएड वाईट नाही. पण ते खात्रीचं आहे हे जे घरी धरून चाललेत ते एकदा तपासा, बीएडची दोन वर्षं, मग टेट-टीएआयटी या शिक्षक भरतीच्या परीक्षा, मग पवित्र या सरकारी भरती पोर्टलवर जागा निघायची वाट, गावातलेच किती जण बीएड करून बसलेत ते बाबांनाच मोजायला सांग. शिवाय बीएड चार वर्षांनीही करता येतं. जेआरएफच्या पत्राला मुदत असते, ते थांबत नाही.

पैशांचं सांगते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला (फेलोशिपचा वरचा टप्पा) ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. आपल्या तालुक्याच्या गावात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पोरांना विचार, त्यांना हे ऐकून काय वाटतं. पण ते वेळेवर येतीलच असं धरू नकोस, माझी फेलोशिप एकदा आठ महिने अडकली होती, मेसचं बिल मैत्रिणीने भरलं. म्हणून पहिल्या वर्षी घरी पाठवायची रक्कम ठरवून ठेव आणि त्यावर एक रुपया नाही, उरलेल्यातून चार महिने निघतील एवढी गंगाजळी आधी कर. सगळा पगार घरी पाठवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि फेलोशिप अडकली की त्यांचे हाल पाहवत नाहीत.

नोकरी. पीएचडी झाली की प्रोफेसर, हे गणित चुकीचं आहे, आणि सर हेच सांगत असतील तर बरोबर सांगतायत. चांगल्या संस्थेत स्वतःची लॅब हवी तर पीएचडीनंतर दोन-चार वर्षं पोस्टडॉक (दुसऱ्याच्या लॅबमधली तात्पुरती संशोधनाची नोकरी), बहुतेक वेळा परदेशात, म्हणजे तू तेहतीस-चौतीसची होशील आणि तेव्हाही जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. कॉलेजातल्या कायम जागांची अवस्था तर तू पाहतेसच, तिथे असिस्टंट प्रोफेसरसाठी २०२३ पासून नेट किंवा सेट हीच किमान अट आहे, पीएचडी सक्तीची नाही, पण जागाच निघत नाहीत तर काय. हे सगळं माहीत असून जायचं असेल तरच जा. पण सॉफ्ट मॅटरवाल्याला एक दार जास्त उघडं असतं हे सरांना माहीत नसावं. रंग भिंतीवरून ओघळू नये पण ब्रशने सहज पसरावा, क्रीम डबीत घट्ट आणि बोटावर मऊ असावं, सिरपमधलं औषध खाली बसू नये, हे सगळे या विषयाचे प्रश्न आहेत. हिंदुस्तान युनिलिव्हरचं संशोधन केंद्र बंगळुरूलाच आहे, एशियन पेंट्सचं नवी मुंबईत तुर्भ्याला. दह्या-साबणाचा अभ्यास म्हणून सरांनी नाक मुरडलं ना, दह्या-साबणाच्या कंपन्याच पगार देतात. शिवाय मायक्रोस्कोपच्या हजारो फोटोंमधून कणांचा माग काढायचा प्रोग्रॅम तू लिहायला शिकलीस की ते कौशल्य कुठेही चालतं.

जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं म्हणून घाबरू नकोस, ते तिथे काम करता करता शिकता येतं, गणित सुटलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती. इंग्रजीचंही तेच.

काळजी कर ती गाइडची. विषयापेक्षा गाइड बघ. सिकलसेलवरच काम मिळालं पाहिजे हा हट्ट धरू नकोस, उलट पहिली काही वर्षं ते नसलेलंच बरं, दुसरं काही कर, पेशीचं आवरण कसं थरथरतं, जिवाणूंचे थवे कसे वाहतात, जेल कसं तुटतं. तंत्र हातात आलं की पुढे पाहिजे त्या आजाराकडे वळता येतं. २००७ मध्ये एका चमूने केसापेक्षा बारीक नळ्यांतून सिकलसेलच्या रुग्णांचं रक्त सोडून, ऑक्सिजन कमी-जास्त करत, ते नेमकं कधी अडकतं आणि कधी सुटतं हे मोजलं, त्यातले एल. महादेवन हे मूळचे भारतीय, आणि त्यांनी सुरकुत्यांपासून फुलांच्या पाकळ्यांपर्यंत कशाकशावर काम केलंय! निवड झाली की हो म्हणायच्या आधी त्या लॅबमधल्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोल, गाइडसमोर नाही, स्वतंत्र. मागच्या विद्यार्थ्याला किती वर्षं लागली, मधेच कोणी सोडून गेलं का, गाइड आठवड्याला भेटतात का महिन्याला, घरी कोणी आजारी पडलं तर सुट्टी मागताना पोटात गोळा येतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा अडखळला तर ती लॅब तुझी नाही, कितीही मोठं नाव असू दे.

हे वाचणाऱ्या धाकट्या पोरापोरींसाठी जरा. बीएससीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर आत्ताच जॅम आणि जेस्ट या एमएससी-पीएचडी प्रवेशाच्या परीक्षांची नावं लिहून ठेवा, हिची जेआरएफ निघाली पण आमच्याकडे कितीतरी हुशार मुलांना एमएससी संपेपर्यंत ही नावंच कळत नाहीत. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने मोठ्या लॅबमध्ये काम करायला मिळतं, तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि बीएससी करत असाल तर इन्स्पायर शिष्यवृत्तीची चौकशी करा. जेआरएफ नाही निघाली तर प्रोजेक्टवरच्या जागा असतात, तिथून आत शिरता येतं. कॉलेजात मायक्रोस्कोप कपाटात बंद असेल तर मनु प्रकाश यांनी बनवलेला कागदाचा फोल्डस्कोप मागवा, शेततळ्यातल्या पाण्याचा थेंब त्याखाली ठेवा आणि बघत बसा.

आणि बेटा, जायचं का नाही हे तू विचारलंस, तर माझं मत, जा. या वर्षी बीएडचा फॉर्म भरू नकोस. पण इंटरव्ह्यूच्या आधी एक काम कर. तू लिहिलंयस की पुढच्या मंगळवारी भावाला दाखवायला चंद्रपूरला जाणारच आहात. फाइल त्याच्या हातात दे. तू तुझ्या टेस्टसाठी रक्त द्यायला वेगळ्या रांगेत उभी राहा, आणि डॉक्टरांच्या खोलीत त्याला एकट्याला जाऊ दे. हायड्रॉक्सियुरियाचं त्यालाच विचारू दे, चुकलं-विसरलं तरी चालेल. तू बाहेर बाकड्यावर बस. बाहेर आला की त्याला विचार, डॉक्टर काय म्हणाले, आणि तो सांगेल ते वहीत त्यालाच लिहू दे.